धूर आत येता कामा नये

आमच्या काचघराला रात्रीचा एक आवाज होता. दिवसभर तापलेल्या काचा अंधार पडला की निवायला लागायच्या, चौकटीत आकसायच्या, आणि मग टिक्, थोडं थांबून पुन्हा टिक्, असं वाजत राहायचं. मी लहान असताना मागच्या खोलीत झोपायचो, तेव्हा मला वाटायचं की आत कुणीतरी म्हातारं माणूस बोटं मोडत बसलं आहे. त्या काचा एका ठिकाणच्या नव्हत्या. छावणीतले जुने बंगले पाडले जात तेव्हा अप्पा हातगाडी घेऊन जायचे आणि खिडक्यांची तावदानं घेऊन यायचे. काही साधी, काही रेघारेघांची, काही किंचित हिरवट. एका तावदानावर कुठल्याशा दाताच्या दवाखान्याची कन्नड अक्षरं होती, ती अप्पांनी उलटी बसवली होती. चांदणं असलं की ती अक्षरं आतल्या पानांवर सुलटी उमटायची आणि वारा नसतानाही हलल्यासारखी वाटायची. अजूनही झोप लागता लागता मला कधी कधी ती अक्षरं दिसतात.

आमचं घर हेब्बाळच्या तळ्यापलीकडे होतं. घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ स्वयंपाकघरात. अप्पांची रोपवाटिका होती. गुलाबाची कलमं, क्रोटन, शेवंती, हे सगळं उघड्यावर. काचघर मात्र फक्त ऑर्किडसाठी. कालिंपोंगहून मागवलेली चाळीस रोपं अप्पांनी तीन वर्षं जपली होती. पुण्याकडचे पाहुणे हसायचे, म्हणायचे, बंगळूरची थंडी ती काय थंडी. पण जानेवारीत तळ्यावरून धुकं यायचं, पहाटे गवतावर पाय ठेवला तर टाच बधिर व्हायची, आणि ती रोपं कालिंपोंगलाही काचघराच्या उबेतच वाढलेली. रात्री आतला पारा ठरावीक रेघेच्या खाली गेला की कळ्या रुसतात, असं अप्पा म्हणायचे. ती रेघ त्यांनी थर्मामीटरवर लाल दोऱ्यानं बांधून ठेवली होती. आमच्याकडे कामाला असलेला मुनियप्पा काचघराला ‘आसपत्रे’ म्हणायचा. इतकं लाडाचं इस्पितळ आपल्या बायकोच्या बाळंतपणातसुद्धा मिळालं नाही, असं तो अप्पांच्या तोंडावर सांगायचा, आणि अप्पा हसायचे.

ऊब द्यायची पद्धत अप्पांनी स्वतः बसवली होती. काचघराच्या उत्तरेला, बाहेर, विटांची एक छोटी भट्टी. तिथून भाजलेल्या मातीचे जाड नळ निघायचे, ते आत रोपांच्या मांडवाखालून लांबवर जायचे आणि पलीकडच्या टोकाला धुराड्यातून बाहेर पडायचे. ऊब आत राहायची, धूर बाहेर जायचा. भट्टीत ठेवायची ती भुशाची शेगडी. पंधरा लिटरचा तेलाचा डबा घ्यायचा, मध्ये एक बाटली उभी करायची, तिच्याभोवती लाकडाचा भुसा मुठीमुठीनं ठासायचा, मग बाटली अलगद फिरवत वर ओढून घ्यायची. जे भोक उरतं, त्यातून डबा आतल्या आत, हळूहळू पेटत राहतो. नीट ठासला तर पाच-सहा तास जातो, नाहीतर मधेच खचतो आणि विझतो. रात्री एकदा डबा बदलावा लागायचा. या सगळ्यात अप्पांचा नियम एकच होता आणि तो ते रोज सांगायचे: धूर आत येता कामा नये.

ही रात्रीची राखण अक्काची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अप्पांना दमा होता, रात्रीच्या गारठ्यात ते बाहेर पडू शकत नसत. आणि भुसा अक्कासारखा कुणालाच ठासता येत नसे. तिच्या डब्यातून बाटली निघाली की भोक असं गुळगुळीत असायचं, जणू कुंभारानं बोट फिरवलंय. मी हट्ट करून तिच्याबरोबर जायचो. आत दोन पोती अंथरलेली असत. नळावर पाय टेकवले की तळव्यांतून ऊब वर चढायची, गुडघ्यांपर्यंत यायची आणि तिथून पुढे झोपच. झोपू नये म्हणून अक्का आईकडून भिजवलेल्या अवरेकायचं पातेलं आणायची. जानेवारीत बंगळुरात दुसरं काही शिजतच नाही. पावट्याच्या जातीचे ते दाणे, चिमटीत धरून दाबले की साल मागं राहतं आणि हिरवा गर टुपकन उडतो. आम्ही अंधारात, कंदिलाच्या वातीएवढ्या उजेडात, दाणे सोलत बसायचो. दुसऱ्या दिवशी त्यांचं सांबार व्हायचं. अक्का बोलायची ते झाडांविषयीच. कुठल्या रोपाला काल नवं मूळ फुटलं, कुठलं नुसतं ढोंग करतंय. काचेवर दव साचून त्याचे ओघळ व्हायचे, आणि मला वाटायचं आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत, वर कुठंतरी पाणी आहे, आणि आपल्याला काही होणार नाही.

त्या वर्षी पहिल्यांदा चाळीसही रोपांना दांडे आले. प्रत्येक दांड्यावर आठ-दहा कळ्या. लालबागेतल्या जानेवारीच्या प्रदर्शनात ती रोपं न्यायची होती. अक्काची पीयूसी, म्हणजे बारावी, झाली होती, आणि देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीखाली, शेतकी कॉलेजचा फॉर्म ठेवलेला होता. आईचं म्हणणं होतं की तुमकुरूचं स्थळ चांगलं आहे. अप्पा फॉर्म काढून वाचायचे, घडी करायचे, पुन्हा ठेवायचे. एकदा जेवताना ते अक्काला म्हणाले, “फुलं उमलू दे. मग तुला शिकवायचं का नाही, हे मला कुणी विचारणारच नाही.” आईनं अक्काच्या ताटात सांबार वाढलं. अक्कानं ते वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल, हे मला तेव्हा समजत नव्हतं असं मी लिहिणार नाही. समजत होतं.

आमच्या घरी बायका महिन्याचे दिवस बाजूला बसायच्या. मागच्या ओसरीला लागून कोठीची खोली होती, तिथं चटई, तांब्या, वेगळी थाळी. देवघर, स्वयंपाकघर वर्ज्य, तसंच काचघरही. फुलझाडावर अशा बाईची सावली पडली तर कळी जळते, असं आई तिच्या आईकडून ऐकत आली होती. अक्का हसायची. म्हणायची, “झाडाला काय कॅलेंडर दिसतं?” पण बाजूला बसायची, कारण वाद घालायचा तो एकाच गोष्टीसाठी, शिक्षणासाठी, असं तिनं ठरवलं होतं. त्या रात्री राखण माझ्याकडे यायची. कोठीच्या खिडकीतून धुराडं दिसायचं, आणि ती तिथून मला हाक मारून सांगायची, “स्वल्प दाबून भर रे, पोकळ ठेवू नको.”

प्रदर्शनाला आठवडा उरला होता तेव्हा अक्का बाजूला बसली. दुसरी रात्र. मी तेरा वर्षांचा होतो आणि मला फार अभिमान होता. पहिला डबा ठीक गेला. मध्यरात्र उलटल्यावर दुसरा ठेवला, तो माझ्या हातचा, घाईनं भरलेला. घटकाभरात तो खचला. नळ गार पडायला लागले. मी बाहेर गेलो तर धुकं इतकं होतं की भट्टी हातानं चाचपडून शोधावी लागली. बोटं वाकत नव्हती. तिसरा डबा होता, अक्कानं बाजूला बसण्याआधी भरून ठेवलेला. तो मी पेटवला. वरवरचा धूर जाईपर्यंत बाहेरच उभा राहिलो, आणि आतून लाल झाल्यावर पाहिलं तर धूर नव्हताच. नुसता रंग. मग माझ्या डोक्यात एक शहाणपण आलं. नियम काय, धूर आत येता कामा नये. धूर तर नाही. मग भट्टीतून नळात, नळातून मातीत, एवढी ऊब वाया कशाला घालवायची? मी ओलं पोतं हाताला गुंडाळून डबा उचलला आणि आत नेऊन मांडवाखाली ठेवला. दार लावलं. दाराखालच्या फटीत दुसरं पोतं कोंबलं.

पारा असा चढला की पाहत राहावं. लाल दोरा ओलांडून गेला. मी कळ्यांकडे पाहिलं, त्या मला सुखात दिसल्या. अप्पांना हे सुचलं कसं नाही, असं मला वाटलं. मी डब्याजवळ बसलो. भोकातला उजेड पानांच्या पोटावर पडला होता आणि पानं जनावराच्या कानांसारखी दिसत होती. काचा वाजायच्या थांबल्या होत्या. डोकं जड झालं, पण तेही छान वाटत होतं, कुणी मांडीवर घेतल्यासारखं. दवाखान्याची अक्षरं पानांवरून उतरून माझ्या हातावर आली, आणि ती मला वाचता येत होती, पण मोठ्यानं म्हणता येत नव्हती. इतकी गोड झोप मला आयुष्यात पुन्हा लागली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

नंतर एकदम गारठा, पाठीखाली ओलं गवत, आणि अक्काचा चेहरा अगदी जवळ. ती माझ्या गालांवर चापट्या मारत होती. मी कुशीवर वळून ओकलो. धुकं जरा विरल्यावर तिला कोठीच्या खिडकीतून दिसलं होतं की धुराड्यातून काही निघत नाही. तिनं हाका मारल्या, मी ओ दिली नाही, तेव्हा ती आली. काखेत हात घालून मला ओढत बाहेर काढलं. मग परत आत गेली, पोत्यानं डबा उचलून भट्टीत ठेवला, भट्टीचं दार लावलं, फटीतलं पोतं काढून दोरीवर टाकलं. मला म्हणाली, “बस इथं टेकून. अप्पांना मी काही सांगत नाही. तू सांग, तुला वाटेल तेव्हा.” एवढ्यात मागचं दार वाजलं. न्हाणीघरातल्या हंड्याखाली जाळ घालायला आई उठली होती, आणि काचघराच्या उघड्या दाराशी मोकळ्या केसांनी उभी असलेली अक्का तिला दिसली.

“आत गेली होतीस?” आईनं विचारलं.

“हो.”

“कशाला?”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, दार धरून उभं राहतो तसं, आपल्याआधी दुसऱ्याला जाऊ देण्यासाठी. मी भट्टीला टेकून बसलो होतो. मी मान खाली घातली.

“थंडी वाढली होती,” अक्का म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. आधी टोकाच्या, मग देठाकडच्या. हात न लावता गळायच्या. सकाळी काचघराच्या फरशीवर त्या पसरलेल्या होत्या, पिवळट हिरव्या, फुगीर, अगदी सोललेल्या अवरेकायसारख्या. मुनियप्पा दारातच थांबला, त्या दिवशी त्यानं कुठलीच थट्टा केली नाही. अप्पा खाली बसून एकेक कळी उचलत होते आणि धोतराच्या सोग्यात ठेवत होते. मग त्यांनी सोग्याचं दुसरं टोक घेऊन पानं पुसून पाहिली. कापड पांढरंच राहिलं. काजळी नव्हती. त्यांनी मला बोलावलं.

“त्या रात्री धूर आत आला होता?”

“नाही, अप्पा. धूर नव्हता.”

आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं खोटं वाक्य दुसरं बोललो नाही. अप्पांचा आईच्या समजुतींवर विश्वास नव्हता. पण ते कारण शोधणारे गृहस्थ होते, आणि त्यांच्यासमोर आता एकच कारण शिल्लक होतं. आईनं आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली की मी पाहिलं ते पाहिलं. अक्का ओसरीच्या पायरीवर उभी होती. ती माझ्याकडे बघत होती हे मला मान वर न करताही कळत होतं. मी सांगावं म्हणून ती थांबली होती. संध्याकाळपर्यंत थांबली असेल, आणि पुढे कदाचित आठवडाभर. नंतर तिनं थांबायचं सोडून दिलं.

पुढचं पटकन झालं. अप्पांनी तिला काचघरात येऊ नको असं शब्दांत कधीच सांगितलं नाही. फक्त रात्री भुसा भरायला मुनियप्पाला बोलावलं. फॉर्मची तारीख उलटून गेली, तो फळीवरच राहिला, पुढे आईनं त्यात कापूर बांधला. पुढच्या वर्षी अक्का तुमकुरूला गेली. भावजी भला माणूस, कापडाचं दुकान, तिला कशाची कमी पडली नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. ती गेल्यावर अप्पांना ऑर्किडचा उत्साह राहिला नाही. दोन-तीन हिवाळ्यांत रोपं गेली. आता तिथं अठरा मजली इमारत आहे, तिला सगळीकडून काचाच आहेत. कामासाठी त्या रस्त्यानं जावं लागलं तर मी गाडीत दुसऱ्या बाजूला बघतो.

मी असं मानत होतो की कळ्या का गळल्या ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. त्या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली. पंचविशीत असताना मी एका फुलांच्या कंपनीत लागलो, तिथं पॉलीहाऊस कसं सांभाळायचं हे शिकवायला एक वयस्क गृहस्थ यायचे. ते म्हणाले, केळी पिकवायला गावाकडे धुरी देतात ना, त्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, काजळी नाही. अर्धवट जळणाऱ्या कशातूनही तो निघतो. केळ्याला तो पिकवतो आणि ऑर्किडच्या कळीला पाडतो, दोन-तीन दिवसांत, पानावर डागसुद्धा न ठेवता. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

त्याच आठवड्यात तुमकुरूला जायला हवं होतं. पण अक्काच्या पोटात मुक्ता होती, अशा वेळी कशाला, असं मी ठरवलं. मग अप्पांचं दुखणं आलं. मग अप्पा गेले, दुःखात भर कशाला. मग आई गेली. मला दरवेळी कारण सापडत गेलं. अप्पांचा मुलगा आहे, कारणं शोधणं रक्तात आहे. मी स्वतःला सांगायचो की अक्का विसरली असेल, आणि नाहीतरी ती असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली कधी नव्हतीच.

गेल्या जानेवारीत अक्का माझ्याकडे राजाजीनगरला आठ दिवस राहायला आली. पन्नाशी ओलांडली आहे, केस पांढरे, हात तसेच. बाजारातून ती अवरेकाय घेऊन आली, दाणे भिजत घातले आणि संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत पातेलं मध्ये घेऊन बसलो. मुक्ता यायची होती. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे, एकटी राहते. तिचा फोन आला, पोट दुखतंय, आज येत नाही. अक्कानं ओल्या हातांनी फोन खांद्यावर धरला आणि सगळं विचारून झाल्यावर सहज म्हणाली, “सरी, ठीक आहे, पडून राहा. आणि अबोलीच्या कुंडीला तू पाणी घालू नको हं. चार दिवस शेजारणीला सांग.”

माझ्या चिमटीतला दाणा तसाच राहिला. मी विचारलं, “हे तू कधीपासून मानायला लागलीस?”

ती दाणे सोलत राहिली. म्हणाली, “मी कुठं मानत होते. पण गळल्या ना रे. माझ्या डोळ्यांदेखत गळल्या. आई खोटं बोलेल, झाड कसं बोलेल?” सालं बाजूला सारत म्हणाली, “ते दिवस थांबले तेव्हा पहिल्यांदा मनासारखी बाग केली. तोवर महिन्यातले चार दिवस कुंड्यांकडे पाठ करूनच बसायचे.”

मग मी सांगितलं. खालच्या मजल्यावर कुणाच्यातरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, रिक्षा वळत होत्या, आणि मी बोलत होतो. डबा आत नेला होता हे तिला माहीत होतंच. तिनंच तो उचलला होता. पण लाल झालेल्या, धूर न येणाऱ्या भुशातून काय निघतं, ते तिला माहीत नव्हतं. मी केळ्यांचं सांगितलं. हे मला किती वर्षांपासून ठाऊक आहे तेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा तेच, धूर नव्हता म्हणाल्यासारखं झालं असतं. मी क्षमा मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

अक्काचे हात थांबले होते. पातेल्यातलं पाणी हलायचं थांबलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळं नव्हतं.”

“नाही.”

“तुला बाहेर काढायला गेले, म्हणूनही नव्हतं.”

“नाही, अक्का.”

ती रडेल असं मला वाटलं, किंवा मला काहीतरी बोलेल. मी त्याची वाट पाहत होतो, कदाचित मला ते हवंही होतं. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, “माझे हात ओले आहेत. मुक्ताला फोन लाव. मोठ्यानं ऐकू येईल असा ठेव.”

मी फोन लावून पातेल्याशेजारी ठेवला. मुक्ताचा आवाज झोपेतला होता. अक्कानं तिला विचारलं, अबोलीला पाणी घातलं का कुणी. मुक्ता म्हणाली, “अगं, तूच तर सांगितलंस नको म्हणून. शेजारच्या आंटी उद्या घालतील.”

“ऊठ. तू घाल.”

“आत्ता? आई, काय झालं?”

“काही झालं नाही. आत्ता घाल. तुझ्या हातानं घाल. मी फोन धरून थांबते.”

पलीकडे चादर सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग बाल्कनीचं सरकतं दार. नळ सुरू झाला, काहीतरी भरलं, नळ बंद झाला. अक्का फोनवर वाकून बसली होती, पूर्वी भट्टीशी कान लावून डबा नीट पेटलाय का ते ऐकायची तशी. आणि मग कोरड्या मातीवर पाणी पडायला लागलं. हळू, बारीक धार. माती पाणी पिते त्याचा जो आवाज असतो, तो इतक्या लांबून, फोनमधूनसुद्धा ऐकू येत होता.

“अजून घाल,” अक्का म्हणाली.